संख्याशास्त्राचा अभ्यासक्रम ऑनलाइन : तंत्रनिवडीच्या नोंदी

६ जानेवारी

पहिली बैठक. सुरुवात झाली ती थेट उत्पादनांच्या नावांनी: मूडल, कॅनव्हास, गूगल क्लासरूम (अभ्यासक्रम ऑनलाइन चालवायचे मंच), झूम, आणि त्यावर कडी म्हणून "आपण आपलं स्वतःचं ॲपच काढू या". ॲपचा विषय तिथल्या तिथे मिटवला. बाकीची नावं फळ्याच्या कोपऱ्यात लिहून ठेवली आणि त्यांच्याबद्दल आज बोलायचं नाही असं ठरवलं, कारण विद्यार्थ्यांकडून काय करून घ्यायचं आहे हे अजून कुठेच लिहिलेलं नाही.

अभ्यासक्रम पायाभूत संख्याशास्त्राचा. आठ आठवडे. शिकणारे नोकरी-धंदा सांभाळून शिकणारे. विषय मॅडमचा, शिकवणार त्याच. तांत्रिक बाजू एका सहकाऱ्याकडे, जुळवाजुळव माझ्याकडे. मॅडमनी वर्गातल्या तासांची टिपणं आणली होती, प्रत्येक तासाला काय सांगायचं त्याची. त्यांना म्हटलं, "मॅडम, तुम्ही काय सांगणार ते राहू द्या. त्या आठवड्यात विद्यार्थी काय करणार तेवढं लिहून द्या. शक्यतो क्रियापदांत."

९ जानेवारी

मॅडमचा तक्ता आला. तिसरा आठवडा असा: प्रमाण विचलनाची (आकडे सरासरीपासून किती पसरलेत त्याच्या मापाची) कल्पना ऐकतो, सोडवलेलं उदाहरण वाचतो, हाताने चार उदाहरणं सोडवतो, उत्तर ताडून पाहतो, चुकलं तर कुठे चुकलं ते शोधतो, तेच गणित स्प्रेडशीटमध्ये करतो, आयतालेख (कुठल्या गटात किती नोंदी ते खांबांनी दाखवणारा आलेख) काढतो, दुसऱ्याचा आयतालेख पाहून त्यावर दोन ओळी लिहितो.

‘ऐकतो’ एकदाच आहे. परवाच्या बैठकीतलं बहुतेक बोलणं मात्र व्हिडिओ आणि थेट तासांवर होतं. या तक्त्याप्रमाणे सगळ्यात जास्त भार पडणार आहे तो प्रश्न विचारून लगेच प्रतिसाद देणाऱ्या यंत्रणेवर. त्यामुळे निवडीचा क्रम उलटा केला: आधी प्रश्नमंजुषा, मग मजकूर, मग व्हिडिओ, आणि थेट तास सर्वांत शेवटी.

सहकाऱ्याने दूरशिक्षणाचे अभ्यासक टोनी बेट्स यांची, शिकवण्याचं तंत्र निवडण्यासाठीची ‘सेक्शन्स’ ही चौकट दाखवली: विद्यार्थी, वापरातली सुलभता, खर्च, अध्यापन, आंतरक्रिया, संस्थेच्या बाबी, बाहेरच्या जगाशी जोडणी, सुरक्षितता आणि खासगीपणा. प्रश्नांची यादी म्हणून ती उत्तम. प्रत्येक रकान्याला दहापैकी गुण देऊन बेरीज करायची, हे मात्र मला पटत नाही. सगळीकडे नऊ गुण मिळवणारं साधन विद्यार्थ्याच्या फोनवर उघडतच नसेल, तरी बेरजेत ते वरच राहतं. आपण गाळणी लावू. एका अटीत नापास झालं की बाद, बाकीचे गुण कितीही असोत. ‘विद्यार्थी’ हा रकाना चौकटीत पहिला ठेवलाय, तो बरोबरच ठेवलाय.

१५ जानेवारी

नाव नोंदवलेल्यांना फोन करून काय विचारायचं ते ठरवलं. ‘तुमच्याकडे इंटरनेट आहे का?’ हा प्रश्न काढून टाकला. त्याला सगळेच हो म्हणतात आणि आपल्याला काही कळत नाही. त्याऐवजी: फोन तुम्ही एकटेच वापरता की घरात आणखी कोणी? अभ्यासाला बसाल तेव्हा साधारण किती वाजलेले असतील? मागच्या वेळी व्हिडिओ कॉल मध्येच तुटला तेव्हा तुम्ही काय केलंत? फोनमध्ये जागा संपल्याचा निरोप येतो का? संगणक स्वतःचा की ऑफिसचा? वाचताना मजकूर मोठा करून पाहावा लागतो का?

शेवटचा प्रश्न मुद्दाम तसा विचारलाय. "तुम्हाला काही अपंगत्व आहे का?" असं विचारलं की लोक गप्प बसतात.

२२ जानेवारी

फोन झाले. अभ्यास बहुतेकांचा फोनवरच होणार, आणि तो रात्री उशिरा किंवा पहाटे. संगणक आहे त्यांच्यातल्या बऱ्याच जणांचा तो ऑफिसचा. त्यावर नवं काही बसवायची परवानगी नाही. व्हिडिओ कॉल तुटल्यावर "नंतर कोणाला तरी विचारलं काय झालं ते" हे उत्तर इतक्यांदा आलं, की थेट तासाला अनिवार्य करण्याचा विषय आपोआप संपला. एक जण पूर्णपणे स्क्रीन रीडरवर, म्हणजे पडद्यावरचं वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरवर, काम करतात.

यावरून गाळणीच्या अटी ठरल्या. फोनच्या साध्या ब्राउझरमध्ये सगळं चाललं पाहिजे. अर्धवट सोडलेलं दुसऱ्या दिवशी तिथूनच पुढे सुरू झालं पाहिजे. वाचायचा मजकूर उतरवून घेता आला पाहिजे. स्क्रीन रीडरवर प्रश्न वाचताही आला पाहिजे आणि सोडवताही. आणि आपण टाकलेलं सगळं उद्या बाहेर काढता आलं पाहिजे. शेवटची अट माझी; बाकीच्यांना ती आज फार दूरची वाटते.

२७ जानेवारी

व्हिडिओचा हिशेब. सेकंदाला १ मेगाबिट वेगाने चालणारा व्हिडिओ तासाला ४५० मेगाबाइट खातो (३६०० सेकंद, भागिले ८). नुसता आवाज ३२ किलोबिटवर ठेवला तर तासाला १४-१५ मेगाबाइट. बोलण्यापुरता आवाज ओपस या कोडेकमध्ये (आवाज किंवा चित्र आकसून पाठवण्याच्या पद्धतीत) तेवढ्यात स्वच्छ येतो. २०१२ पासून ते इंटरनेटचं मानक आहे. म्हणजे त्याच डेटात एक तास व्हिडिओ पाहायचा की तीस तास ऐकायचं, असा हा व्यवहार आहे.

मॅडमनी नमुन्यादाखल एक तास रेकॉर्ड करून दिला होता. तो मी स्वतः फोनवर पाहिला. पहिली अडचण डेटाची नव्हतीच. सूत्रातल्या सिग्माच्या (बेरजेच्या चिन्हाच्या) खाली-वर जी बारीक अक्षरं असतात ती ४८०पी मध्ये वाचताच येत नव्हती, आणि ७२०पी मध्येही ताणूनच. उपाय दर्जा वाढवण्याचा नाही. पाटीवर (स्लाइडवर) एका वेळी तीनच ओळी, अक्षर दुप्पट. तसं करून पाहिल्यावर ३६०पी मध्येही सूत्र लख्ख दिसलं आणि फाइल एक चतुर्थांशाहून लहान झाली.

कोपऱ्यातला मॅडमचा चेहरा. स्थिर पाटी कोडेकला फुकटात पडते. हलणारा चेहरा मात्र प्रत्येक चौकटीत नव्याने पाठवावा लागतो. तरी चेहरा पूर्ण काढायला मी तयार नाही, पलीकडे माणूस आहे हे कळायला हवं. पहिलं मिनिट चेहरा, मग फक्त पाटी आणि आवाज.

लांबीवर मात्र वाद झाला. २०१४ मध्ये एडएक्स या ऑनलाइन मंचावरच्या चार अभ्यासक्रमांतल्या ६९ लाख व्हिडिओ-सत्रांचा अभ्यास प्रसिद्ध झाला होता. व्हिडिओ कितीही लांब असला तरी विद्यार्थ्यांनी तो पाहण्याचा मध्यक वेळ (निम्म्यांचा याहून कमी, निम्म्यांचा जास्त) सहा मिनिटांपलीकडे जात नव्हता. मॅडम म्हणाल्या, "लोक कधी उठून गेले ते यात मोजलंय. किती शिकले ते नाही." मुद्दा रास्त आहे. शिवाय प्रमाण विचलनाचं सूत्र उलगडून सांगायला सहा मिनिटं पुरणार नाहीत हेही खरं. तोडगा असा: लांबी ठरवायची नाही, थांबे ठरवायचे. जिथे मॅडम वर्गात फळ्याकडून वळून "आता पुढची पायरी कोण सांगेल?" असं विचारतात, तिथे व्हिडिओ संपवायचा आणि खाली तोच प्रश्न ठेवायचा. टिपणांत खुणा केल्या तर तुकडे आपसूकच चार ते नऊ मिनिटांचे निघाले.

३ फेब्रुवारी

आता फळ्यावरची नावं.

गूगल क्लासरूम २०१४ मध्ये आलं. गृहपाठ द्यायला-घ्यायला त्याच्याइतकं सरळ दुसरं काही नाही, शिकवायला अर्धा तास पुरतो. पण आमचा भार प्रश्नपेढीवर आहे: पेढीतून दर वेळी वेगळे प्रश्न उचलणं, प्रत्येक चुकीच्या उत्तराला वेगळा प्रतिसाद. तिथे ते तोकडं पडतं.

ओपन एडएक्स. एमआयटी आणि हार्वर्ड यांनी २०१२ मध्ये एडएक्स काढलं आणि २०१३ मध्ये त्याचं सॉफ्टवेअर खुलं केलं. हजारोंच्या खुल्या अभ्यासक्रमांसाठी ते घडवलंय आणि ते दिसतं: व्हिडिओ, प्रश्न, व्हिडिओ, प्रश्न ही माळ त्यात अगदी सुरेख ओवली जाते. चालवायला मात्र जाणता माणूस हवा, आणि तो पूर्ण वेळ हवा. आमच्याकडे एक सहकारी आहे, तोही अर्धवेळ.

कॅनव्हास शिक्षकाच्या बाजूने सगळ्यात नीटनेटकं. मॅडमना तेच आवडलं.

मूडलची पहिली आवृत्ती ऑगस्ट २००२ ची, ऑस्ट्रेलियातल्या मार्टिन डुगियामस यांची. पीएचपी या संगणकभाषेत लिहिलेलं, जीपीएल या मुक्त परवान्याखाली खुलं, साध्या सर्व्हरवरही चालतं. दिसायला रुक्ष. कुठलीही गोष्ट करायची म्हटली की वीस पर्याय समोर येतात आणि त्यांतले सोळा लागत नाहीत. पण प्रश्नमंजुषेच्या भागात ते वीस पर्याय हवेच होते.

व्हॉट्सॲप ग्रुप आणि पीडीएफ हा पर्यायही मी प्रामाणिकपणे यादीत घेतला, कारण सगळे तिथे आधीच आहेत. तिथे शंका विचारली जाते, उत्तरही मिळतं, आणि रात्रीतून सुप्रभाताच्या चित्रांखाली गाडलं जातं. शिवाय ग्रुपमध्ये प्रत्येकाचा नंबर प्रत्येकाला दिसतो. फक्त सूचनांसाठी, एकतर्फी ठेवू. शिकवणं तिथे नाही.

मूडल आणि कॅनव्हास दोन्हींवर तिसरा आठवडा पूर्ण उभा करून पाहायचा.

१० फेब्रुवारी

आजची नोंद लांबणार, कारण काय निवडायचं ते बहुधा आज ठरलं.

मॅडमचं आवडतं उदाहरण: २, ४, ४, ४, ५, ५, ७, ९. मध्य (सरासरी) ५, विचलनांच्या वर्गांची बेरीज ३२. आठने भागलं तर ४, वर्गमूळ २. सातने भागलं तर वर्गमूळ २.१४. पहिलं समष्टीचं (अख्ख्या समूहाचं) प्रमाण विचलन, दुसरं नमुन्याचं (त्यातल्या निवडक भागाचं). वर्गात कोणी २.१४ म्हणालं की मॅडम "चूक" म्हणत नाहीत, म्हणतात, "भागाकार तुझा बरोबर आहे, भाजक कुठला घेतलास ते सांग." आणि कोणी ४ म्हणालं की नुसत्या "वर्गमूळ?" म्हणतात. एवढ्यावर पोरगं सुटतं.

ऑनलाइन प्रश्न असा बनवायचा होता, की २ ला पूर्ण गुण, २.१४ ला अर्धे गुण आणि ‘नमुना समजून एकने कमी भाजक घेतलात का?’ हा प्रतिसाद; ४ ला ‘हे विचरण झालं, एक पायरी राहिली’; आणि शून्य आलं तर ‘वर्ग न करता विचलनांची बेरीज केलीत का?’ संख्यात्मक प्रश्नात प्रत्येक उत्तराला स्वतःची सूट, स्वतःचे गुण आणि स्वतःचा प्रतिसाद लावता येतो का, ही खरी परीक्षा. मूडलमध्ये ते सरळ बसलं. सूट ०.०१ ठेवली, म्हणजे २.१४ आणि २.१३८ दोन्ही चालतात. मॅडमनी फोनवर मुद्दाम चारही उत्तरं देऊन पाहिली आणि म्हणाल्या, "हे माझ्यासारखं बोलतंय की!"

दुसरी पायरी: स्प्रेडशीट. तिथे प्रमाण विचलनाची दोन वेगळी सूत्रं असतात, एक नमुन्याचं आणि एक समष्टीचं, आणि विद्यार्थी समोर येईल ते निवडतात. हाताचं उत्तर आणि स्प्रेडशीटचं उत्तर जुळलं नाही, की तो क्षण शिकवायचा. म्हणून दोन्ही उत्तरं एकाच प्रश्नात शेजारी शेजारी मागायची.

पुन्हा वाचण्यापेक्षा आठवून सांगितल्याने लक्षात जास्त राहतं, हे रोडिगर आणि कार्पिके या मानसशास्त्रज्ञांच्या २००६ च्या प्रयोगांत स्वच्छ दिसलं होतं. फरक आठवड्यानंतरच्या चाचणीत उलगडला. म्हणून दर आठवड्याच्या मंजुषेत मागच्या आठवड्यांचे प्रश्न मिसळायचे. त्यासाठी पेढीला विषयवार खाती हवीत.

१२ फेब्रुवारी

मंजुषा देवनागरीत चालवून पाहिली आणि दोन खड्डे सापडले. कोणत्याही साधनात ते तपासून घ्यावेत.

एक, आकडे. मराठी कळफलकावर ‘२.१४’ लिहिलं तर संख्यात्मक प्रश्नाला ती संख्याच वाटत नाही. रोमन कळफलकावर जाऊन तेच लिहिलं की चालतं. मध्ये गाळणी बसवून देवनागरी आकडे बदलून घेण्याचं काम सहकाऱ्याने उचललंय. तोवर प्रश्नाखाली ठळक सूचना.

दोन, लहान उत्तरांचे शब्द. डोळ्यांना एकसारखे दिसणारे शब्द आत वेगवेगळे साठवलेले असू शकतात. ‘ॲ’ हे स्वतंत्र अक्षर युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकावरच्या अक्षरांच्या मानक यादीत, २००८ मध्ये आलं. काही कळफलक अजूनही ‘अ’ला चंद्र जोडून तो उमटवतात. यंत्राला ते दोन वेगळे शब्द. त्यात ‘मध्यक’ आणि ‘मध्यांक’ अशी लिहिणाऱ्याची भर. लहान उत्तराचे प्रश्न बंद, जोड्या लावा किंवा पर्याय. जिथे शब्दच हवा, तिथे माणूस तपासेल.

१८ फेब्रुवारी

थेट तास. इथे मतं सगळ्यात जास्त आणि गरज सगळ्यात कमी.

झूमच्या मोफत खात्यात गटाचा कॉल ४० मिनिटांवर थांबतो, गूगल मीटच्या मोफत खात्यात तीन किंवा जास्त माणसं असली की ६० मिनिटांवर. शंकानिरसनाच्या तासाला चाळीस मिनिटं खरं तर भरपूर आहेत; मर्यादेमुळे नाही, पण रेकॉर्डिंग आणि फळा यांमुळे दुसरीकडे पाहावं लागलं. बिगब्लूबटन हे थेट तासांचं सॉफ्टवेअर शिकवण्यासाठीच बनलेलं आहे, २००७ मध्ये कॅनडातल्या कार्लटन विद्यापीठात सुरू झालं. ब्राउझरमध्ये चालतं, काही बसवावं लागत नाही. आपण पाट्या आधी चढवून ठेवल्या तर त्या चित्र म्हणून जातात, एकदाच. तीच पाटी ‘स्क्रीन शेअर’ने दाखवली की तो व्हिडिओ होतो. कमकुवत जोडणीवर फरक लगेच जाणवतो: एकाकडे पाटी आलेली असते, दुसऱ्याकडे धूसर डाग.

त्याची किंमत सर्व्हरच्या रूपात द्यावी लागते. आठ कोअर आणि १६ जीबी मेमरी ही त्यांची स्वतःचीच शिफारस, शिवाय यूडीपीचे (थेट आवाज आणि चित्र ज्या पद्धतीने येतात तिचे) १६३८४ ते ३२७६८ हे पोर्ट, म्हणजे नेटवर्कमधली दारं, उघडे हवेत. ऑफिसच्या नेटवर्कवरून येणाऱ्यांकडे यूडीपी बंद असतो, तेव्हा ४४३ या पोर्टवरून आवाज वळवून आणणारा टर्न सर्व्हर लागतो. तो नसेल तर माणूस आत येतो, नावही दिसतं, आणि आवाज येतच नाही. "हॅलो, ऐकू येतंय का?" मध्ये तास जातो.

ठरलं: आठवड्यातून एक तास, ऐच्छिक, तयार सेवा विकत घेऊन, स्वतःचा सर्व्हर नाही. कॅमेरे बंद हीच सुरुवातीची मांडणी. नवं काही शिकवायचं नाही, त्या आठवड्यात मंजुषेत जास्तीत जास्त लोक अडलेले तीन प्रश्न घ्यायचे. आवाजाचं रेकॉर्डिंग वेगळं ठेवायचं, पाट्यांच्या पीडीएफसोबत.

२४ फेब्रुवारी

स्क्रीन रीडरवर काम करणारे विद्यार्थी तासभर आमच्यासोबत फोनवर होते. एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर वापरतात, मोफत आणि खुला, २००६ पासूनचा.

पहिलीच फाइल, मॅडमची जुनी टिपणं. पडद्यावर सुंदर मराठी. त्यांच्या कानात मात्र अर्थहीन रोमन अक्षरांची रांग. टिपणं युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये लिहिलेली, म्हणजे दिसतं ‘विचलन’ आणि आत साठवलेली असतात भलतीच अक्षरं. दुसरी फाइल स्कॅन केलेली, तिथे शांतता. तिसऱ्यात सूत्रं चित्र म्हणून चिकटवलेली. वाचताना "ग्राफिक, ग्राफिक, ग्राफिक". ते विद्यार्थी म्हणाले, "हे सोडून देऊ का पुढे?" आणि ते ज्या सवयीने म्हणाले त्यावरून हे त्यांना नवं नाही हे कळलं.

काम मोठं आहे पण टाळता येणार नाही: टिपणं युनिकोडमध्ये आणून पुन्हा वाचायची, कारण रूपांतरात रफार आणि जोडाक्षरं सरकतात. सूत्रं मॅथजॅक्स या वेबवर सूत्रं दाखवणाऱ्या साधनाने लिहायची, म्हणजे ती वाचून दाखवता येतात. आलेखाखाली दोन वाक्यांचं वर्णन, ‘आयतालेख’ एवढंच नको, ‘उजवीकडे लांब शेपूट, सर्वाधिक नोंदी ४० ते ५० या गटात’ असं. डब्ल्यूसीएजी २.२ (वेब सगळ्यांना वापरता यावं म्हणूनचं मानक, ऑक्टोबर २०२३) मधली साध्या मजकुराची ४.५ ला १ ही रंगभेदाची अट पांढऱ्या पार्श्वभूमीवरच्या फिक्या पिवळ्या रंगाला बाद करते.

उपशीर्षकं यंत्राने काढून पाहिली. बोलीतलं बरंच बरोबर येतं, नेमके पारिभाषिक शब्द चुकतात, म्हणजे जे चुकायला नको तेच. माणसाने तपासायची.

याचा फायदा फक्त एकाला नाही. युनिकोड मजकूर शोधता येतो, फोनवर ओळी आपोआप मोडतात, फाइल हलकी होते. रात्री आवाज बंद ठेवून पाहणाऱ्यांना उपशीर्षकं लागणारच आहेत.

३ मार्च

बाहेर पडण्याची चाचणी. मूडलमध्ये उभा केलेला तिसरा आठवडा बाहेर काढला आणि दुसरीकडे चढवला, मग उलट दिशेने. मजकूर आला. एकपर्यायी प्रश्न आले. प्रत्येक चुकीच्या उत्तराला लावलेले प्रतिसाद काही प्रश्नप्रकारांत गळाले, आणि नेमका त्यांतच मॅडमचा जीव होता. चर्चा आणि गुण अर्थातच तिथेच राहिले.

बाकीच्यांना ही काळजी अनाठायी वाटत होती, म्हणून वेबवर ॲनिमेशन चालवणाऱ्या फ्लॅशची आठवण करून दिली. ३१ डिसेंबर २०२० ला ॲडोबीने त्याचा आधार काढून घेतला आणि पुढच्या महिन्यात ब्राउझरमधली फ्लॅशची पानं चालेनाशी झाली. वर्षानुवर्षं बनवलेली शैक्षणिक ॲनिमेशन्स त्यात गेली. ज्यांच्याकडे मूळ चित्रं आणि संहिता होत्या त्यांनी पुन्हा बनवली.

म्हणून मूळ प्रत नेहमी मंचाबाहेर: प्रश्न गिफ्ट या साध्या मजकुराच्या स्वरूपात, टिपणं एचटीएमएलमध्ये, व्हिडिओची पूर्ण दर्जाची एमपी४, उपशीर्षकांच्या व्हीटीटी फाइली. मंचावर असते ती छापील प्रत, असं समजायचं.

एका पुरवठादाराने "सगळं स्कॉर्ममध्ये देतो, कुठेही चालेल" म्हणून सांगितलं. स्कॉर्म म्हणजे अभ्यासक्रम कुठल्याही मंचावर चढवता यावा म्हणूनचं ठरीव पॅकेज. चालेल; पण स्कॉर्म १.२ मध्ये विद्यार्थी कुठवर आला ते साठवायला ४०९६ अक्षरांचीच जागा असते. लांब पॅकेजमध्ये ती भरते, आणि मग विद्यार्थी दुसऱ्या दिवशी परत सुरुवातीला. आमच्या दुसऱ्याच अटीवर घाव. छोटी छोटी पॅकेजं चालतील, पण आमच्या कामाला त्यांची गरजच नाही. त्यांना नको कळवलं.

९ मार्च

परीक्षेवर कॅमेऱ्याने पाळत ठेवणाऱ्या सेवेचं प्रात्यक्षिक पाहिलं. फोनवर नीट चालत नाही, सतत व्हिडिओ वर पाठवत राहावा लागतो, आणि घरात स्वतंत्र खोली गृहीत धरलेली आहे. पहिल्याच गाळणीत बाद. मॅडमचा प्रश्न उरतोच: "मग उत्तरं एकमेकांना सांगतील त्याचं काय?" सांगू देत, पण आकडे प्रत्येकाचे वेगळे. गणिती प्रश्नात ठरीव आकड्यांऐवजी चल (बदलती मूल्यं) ठेवले की दर विद्यार्थ्याला निराळी माहिती मिळते. शेवटी प्रत्येकाशी दहा मिनिटं फोनवर: तुमच्याच आलेखाबद्दल सांगा, मध्य आणि मध्यक इतके लांब का पडले? हे मॅडमना पटलं. वेळ लागेल, तो वेळापत्रकात धरला.

१६ मार्च

निर्णय: मूडल, पण दुसऱ्याने चालवलेलं. सॉफ्टवेअर फुकट असतं; रोजची बॅकअप, सुरक्षेच्या सुधारणा आणि रविवारी रात्री बंद पडलेला सर्व्हर उठवणं फुकट नसतं. करारात तीन गोष्टी लिहून घेतल्या: पूर्ण बॅकअप आमच्या हातात कधीही मिळेल, विद्यार्थ्यांची माहिती दुसऱ्या कशासाठी वापरली जाणार नाही, आणि करार संपला की ती पुसली जाईल. नोंदणीत नाव, ईमेल आणि फोन एवढंच मागायचं. जन्मतारखेचा रकाना कोणी घातला होता तो काढला. कशाला हवी हे कोणालाच सांगता आलं नाही.

मॅडमना कॅनव्हास हवं होतं. "तुमचं प्रतिसादाचं काम इथे होतंय ना, मग मी शिकून घेते," म्हणाल्या.

३० मार्च

तिसरा आठवडा मोजक्या विद्यार्थ्यांना देऊन पाहिला. मंजुषा लोकांनी मागितली नव्हती तरी पुन्हा पुन्हा सोडवली. व्हिडिओंपैकी सूत्र उलगडणारा सगळ्यात लांब तुकडा सगळ्यात जास्त वेळा परत पाहिला गेला, सहा मिनिटांच्या मध्यकाला न जुमानता. मॅडमनी माझ्याकडे पाहिलं, बोलल्या काही नाहीत.

चर्चापीठ मात्र थंड. तिथे प्रश्न होता ‘काही शंका असल्यास विचारा’. चारचौघांत शंका लिहायला कोण जाणार? तांत्रिक सहकाऱ्याचं म्हणणं, दुसरं जास्त रंगीत चर्चासाधन घेऊ. त्याआधी प्रश्न बदलून पाहिला: ‘तुमचा आयतालेख इथे लावा. तुमच्या वर ज्यांनी लावलाय, त्यांच्या आलेखात तुम्हाला काय विचित्र दिसतं ते एका ओळीत लिहा.’ शिवाय स्वतःचं लावल्याशिवाय दुसऱ्यांचं दिसत नाही ही मूडलमधली प्रश्नोत्तराच्या चर्चेची सोय चालू केली. त्यासाठी ‘वर ज्यांनी’ऐवजी ‘कोणाही एकाच्या’ असं लिहावं लागलं. आता हालचाल आहे. एकाने गटांची रुंदी इतकी मोठी घेतली होती, की सगळा आलेख दोनच खांबांचा. त्यावर आलेल्या ओळींतून गटरुंदीचा अख्खा पाठ तयार झाला. नवं साधन घेतलं नाही.

४ एप्रिल

कोणीतरी विचारलं, शंकांना उत्तर द्यायला चॅटबॉट लावायचा का. पहिल्या तुकडीत नाही. विद्यार्थी कुठे अडतात ते मॅडमना स्वतः वाचायचं आहे, त्यातूनच पुढचे प्रतिसाद लिहिले जातील. शिवाय विद्यार्थ्यांची उत्तरं बाहेरच्या सेवेकडे पाठवायची तर वेगळी संमती लागेल.

बाकी कामं: देवनागरी आकड्यांची गाळणी एक ते चार आठवड्यांच्या प्रश्नांवर तपासून झाली, पाच ते आठ बाकी. सहाव्या आठवड्याची टिपणं युनिकोडमध्ये आली आहेत, रफार मॅडम तपासताहेत. सातव्या आठवड्याच्या उपशीर्षकांत ‘सहसंबंध’ सगळीकडे ‘सह संबंध’ असा तुटलाय, तो एकत्र करायचा. एनव्हीडीएवर जोड्या लावायचा प्रश्न ओढून सोडायच्या प्रकारात सुटत नाही. त्याऐवजी खाली उघडणाऱ्या यादीचा प्रकार वापरायचा, सर्व आठवड्यांत. सोमवारपर्यंत सहकाऱ्याकडे.